राग काढायचा तर कुणावर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे सगळे मेसेज वाचले. आपला नेब्रास्काचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आयोवाकडून हरला त्या रात्रीचे, आणि मग हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्यात युटाने ४४-२२ ने धुतल्यानंतरचेही. हे फोनवर नीट बोलून होणार नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. सवडीने वाच.

सगळ्यात आधी हे सांगते की तुझा राग रास्त आहे. पहिल्या सहा सामन्यांपैकी पाच जिंकल्यावर कुणालाही वाटलं असतं की यंदा नेब्रास्काचे दिवस फिरले. मग मिनेसोटाने २४-६ ने लोळवलं. १ नोव्हेंबरला सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध (यूएससी) आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, डिलन रायोला याच्या पायाचं हाड मोडलं. पेन स्टेटला जाऊन ३७-१० खाल्ले, आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आपल्याच मैदानावर आयोवाने ४०-१६. हंगाम संपला तेव्हा हिशेब ७-६, अगदी गेल्या वर्षीइतकाच. ज्याला याचं काही वाटलं नाही, त्याने लाल शर्ट घालून थंडीत कुडकुडत बसूच नये.

आणि हा संघ म्हणजे इथे नुसता एका कॉलेजचा संघ नाही. या राज्यात मोठ्या लीगचा एकही व्यावसायिक संघ नाही, ना फुटबॉलचा, ना बास्केटबॉलचा, ना बेसबॉलचा. वीस लाखांच्या आतबाहेर वस्ती, आणि सामन्याच्या दिवशी मेमोरियल स्टेडियममध्ये जेवढी माणसं असतात तेवढी ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातल्या कुठल्याच गावात नसतात. ३ नोव्हेंबर १९६२ पासून इथलं तिकीट प्रत्येक सामन्याला संपलेलं आहे. आम्ही इथे आलो ती कोच टॉम ऑस्बॉर्न यांची शेवटची वर्षं होती. १९९४, १९९५, १९९७, चार वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं. माझ्या पिढीच्या लोकांच्या डोक्यात अजून तोच संघ खेळत असतो आणि मैदानावर वेगळाच दिसतो. तू त्यातलं काही पाहिलं नाहीस, तरी दोन हंगामांत तुलाही ती ओढ लागली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण आयोवाच्या रात्री तू एका खेळाडूला थेट जो मेसेज पाठवलास, आणि त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवलास, तो वाचून मला फार वाईट वाटलं. त्यातले शब्द मी इथे लिहिणार नाही. तुला ते पाठ असतील. त्या मुलाच्या आईचा उल्लेख तर कुठल्याच सामन्याच्या निकालाने माफ होत नाही.

मी ओमाहाच्या शाळेत गणित शिकवलं. माझ्या वर्गात फुटबॉल खेळणारी मुलं असायची. सोमवारी पहिल्या तासाला खांद्याला बर्फाची पिशवी बांधून यायची, पेन्सिल डाव्या हातात, कारण उजवी बोटं सुजलेली. शुक्रवारी रात्री चेंडू हातातून सुटलेला मुलगा सोमवारी मागच्या बाकावर बसायचा आणि हजेरीला ‘येस’ इतक्या हळू म्हणायचा की पुन्हा विचारावं लागे. अशीच मुलं पुढच्या वर्षी लिंकनला, विद्यापीठाच्या संघात, जातात. काही तर शिष्यवृत्तीशिवाय जातात, दोन-चारशे वस्तीच्या गावांतून, नुसत्या लाल जर्सीच्या ओढीने. वॉक-ऑन म्हणतात त्यांना. ज्याला तू लिहिलंस तो असाच कुणाचा तरी मुलगा आहे. रायोलाच्या दुखापतीनंतर ज्याच्या खांद्यावर संघ आला, तो टी. जे. लतीफ तर आदल्याच वर्षी हायस्कूलमध्ये होता.

तू म्हणशील, हरलो ते खेळाडूंच्या चुकांमुळेच ना? इथे थांबून मला तुला २०२१ चा हंगाम सांगायचा आहे. तेव्हा तू इथे नव्हतास. पण हा खेळ का हरला जातो हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने तो हंगाम एकेक सामना करून बघावा.

बारा सामने, तीन विजय, नऊ पराभव. नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांचे. सगळ्या पराभवांतली तूट एकत्र केली तर ५६ गुण. वर्षभरात केलेले गुण ३३५, दिलेले २७२. म्हणजे एकूण ६३ गुणांनी पुढे असलेला संघ ३-९! ओहायो स्टेटशी हरलो नऊने, मिशिगनशी तीनने, ओक्लाहोमाशी सातने. हे सगळे त्या वर्षीचे बलाढ्य संघ. त्यांच्यापुढे आपली मुलं बरोबरीने उभी राहत होती आणि शेवटच्या पाच-सात मिनिटांत सामना निसटत होता. दर शनिवारी तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तर पुढे असतानाच पोटात गोळा यायचा.

आता बघ, हरलो कसे. पहिला सामना इलिनॉयशी, हार आठ गुणांची. त्यात आपल्या मुलाने पंट, म्हणजे समोरच्यांनी लांब मारलेली किक, गोलरेषेपाशी पकडला, मागे ढकलला गेला आणि घाबरून चेंडू फेकला. त्याचे दोन गुण समोरच्यांना. आपल्या किकरचे दोन एक्स्ट्रा पॉइंट, म्हणजे टचडाउननंतर किक मारून मिळणारा एकेक गुण, हुकले. ओक्लाहोमाविरुद्ध एक्स्ट्रा पॉइंटची किक अडवली गेली आणि ती उचलून ते दुसऱ्या टोकापर्यंत धावले, पुन्हा दोन गुण त्यांना. मिशिगन स्टेटच्या सामन्यात आपल्या बचावफळीने नियमित वेळेच्या उत्तरार्धात त्यांना एकही फर्स्ट डाउन, म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल, घेऊ दिला नाही. एकही नाही! सात गुणांनी पुढे होतो, चार मिनिटंही उरली नव्हती. आपला पंट एका बाजूला गेला, तो अडवायला धावणारी सगळी मुलं दुसऱ्या बाजूला, आणि त्यांचा जेडन रीड ६२ यार्ड मोकळा पळाला. मग जादा वेळेत हार. शेवटच्या सामन्यात आयोवावर २१-६ अशी आघाडी, तिथे पंट अडवला गेला, त्याचा टचडाउन झाला आणि सामना फिरला.

या सगळ्यात काय समान आहे ते तुझ्या लक्षात आलं असेल. पंट, किक, एक्स्ट्रा पॉइंट. ज्याला स्पेशल टीम्स म्हणतात तो भाग. त्या वर्षी लोकांनी कुणाला शिव्या घातल्या? किकरला. आदल्याच वर्षी, २०२० मध्ये, हाच मुलगा बिग टेनचा, म्हणजे आपण खेळतो त्या विद्यापीठांच्या गटाचा, सर्वोत्तम किकर ठरला होता. एका वर्षात त्याचा पाय काही तो विसरला नव्हता. पण त्या हंगामात स्पेशल टीम्सचं काम ज्या कोचकडे होतं, त्याच्याकडे बचावफळीतल्या बाहेरच्या लाइनबॅकर्सचंही काम होतं. फक्त याच कामासाठी समन्वयक नेमला तो हंगाम संपल्यावर, नऊ पराभव झाल्यावर. चूक मैदानावर विशीच्या आतबाहेरच्या मुलाच्या पायातून दिसते, पण ती बऱ्याचदा महिनोन् महिने आधी एखाद्या कार्यालयात होऊन गेलेली असते. शिव्या मात्र पायाला पडतात, कारण तो टीव्हीवर दिसतो.

क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझचंही तेच. त्याच्या हातून चेंडू निसटायचा, हे खरं आहे. मिशिगनविरुद्ध बरोबरी असताना, शेवटच्या दोन मिनिटांच्या आसपास निसटला आणि सामना गेला. त्या आठवड्यात ओमाहातल्या दुकानांत, चर्चच्या पायऱ्यांवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये त्या पोराबद्दल जे बोललं गेलं ते मी ऐकलं आहे. नोव्हेंबरात कळलं की मिशिगन स्टेटच्या सामन्यात त्याचा जबडा मोडला होता. मोडलेल्या जबड्याने तो आठवड्यामागून आठवडे खेळत होता, आणि बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी तो कॅन्सस स्टेटला गेला आणि त्या संघाने बिग १२ चं विजेतेपद मिळवलं. तिथे त्याच्याभोवतीची घडी नीट बसलेली होती. मला वाटतं, तेवढाच फरक पुरेसा होता.

आता ज्यांच्या हातात घडी बसवणं असतं त्यांच्याबद्दल. स्कॉट फ्रॉस्ट आपल्याच राज्यातल्या वुड रिव्हरचे, १९९७ च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, आणि २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाला १३-० नेणारे कोच. घरचा मुलगा आपला कोच होऊन घरी आला म्हणून सगळं राज्य हरखलं होतं. त्यांच्या काळात एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा कमी गुणांच्या, फरकाने सुटलेल्या सामन्यांत आपला हिशेब ५-२२ होता. एखाद्या सामन्यात नशीब फिरतं हे मी मानते. सत्तावीसपैकी बावीस वेळा नशीब फिरत नाही. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांना ठेवलं गेलं, पगार पन्नास लाख डॉलरवरून चाळीस लाखांवर आणून. चार सहायक कोचना मात्र काढलं. मग २०२२ मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नवर ११ गुणांची आघाडी असताना त्यांनी ऑनसाइड किकचा, म्हणजे किक जवळच मारून चेंडू स्वतःच परत मिळवायचा, डाव टाकला, तो फसला, सामना ३१-२८ ने गेला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्न आपल्या मैदानावर येऊन ४५-४२ ने जिंकून गेले, आणि दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, फ्रॉस्टना काढलं. करारानुसार त्यांना सुमारे दीड कोटी डॉलर द्यावे लागणार होते. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ती रक्कम निम्मी झाली असती. तेवढंही थांबवलं नाही, इतका लोकांचा संताप होता.

माझा खरा मुद्दा इथे आहे. आपण चाहते दुबळे नाही. आपल्या रागात कोच बदलण्याची ताकद आहे, आणि ती आपण आंधळेपणाने वापरत आलो. २००३ मध्ये कोच फ्रँक सोलिच यांना काढलं तेव्हा त्या हंगामाचा हिशेब ९-३ होता. २०१४ मध्ये बो पेलिनींना काढलं तेव्हाही ९-३, आणि त्यांनी सातही हंगामांत किमान नऊ सामने जिंकले होते. त्या वेळी नऊ विजय लोकांना अपमान वाटत होते. त्यानंतर २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं आपला संघ जिंकला त्याहून जास्त सामने हरला. म्हणजे ज्यांच्यावर रागावलो त्यांना घाईने काढलं, आणि ज्याच्यावर माया होती त्याला उशिरापर्यंत सांभाळलं. दोन्ही वेळा संघ खरोखर कसा चालतो आहे हे कुणी नीट बघितलं नाही. मी धीर धर असं म्हणत नाही. धीर धरायचा की नाही हेसुद्धा बघितल्यावरच कळतं.

तुझं एक म्हणणं मी गंभीरपणे घेतलं. तू लिहिलंस, आता खेळाडूंना पैसे मिळतात, मग ऐकूनही घ्यावं लागेल. मिळतात, हे खरं. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर कमावता येतं, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. हे व्हायलाच हवं होतं. त्यांच्या जिवावर स्टेडियम भरत होती आणि त्यांना काही मिळत नव्हतं. त्यामुळे खेळावर टीका कर, जरूर कर. कुठला पास चुकला, कुठला टॅकल सुटला, ते बोल. पैसे घेतले म्हणून कुणाच्या आईवर बोलायचा परवाना आपल्याला मिळत नाही. आणि हेही लक्षात ठेव की आता मुलं मोकळेपणाने दुसऱ्या विद्यापीठात जातात. रायोला ओरेगनला गेला. कोण का गेलं यात मी पडत नाही, पण जो मुलगा दोन ठिकाणांपैकी एक निवडतो, तो फोनमध्ये काय काय आलं होतं ते विसरून निवडत नाही.

आणखी एक, आणि यावर मी वाद घालणार नाही. या राज्यात फोनवरून सट्टा लावता येत नाही म्हणून तुम्ही मुलं गाडी काढून मिसूरी नदीपलीकडे आयोवातल्या कौन्सिल ब्लफ्सला जाता आणि तिथे पार्किंगमध्ये बसून पैसे लावता, हे मला ठाऊक आहे. तुझ्या मेसेजमध्ये सगळ्यात कडवट वाक्य होतं ते हरलेल्या पैशांबद्दलचं. तुझ्या बाबांनी शिक्षणासाठी कर्ज काढलं आहे. शिवाय ज्या संघावर पैसे लावलेत त्याचा खेळ तुला दिसतच नाही, फक्त आकडा दिसतो. २०२४ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी राज्यांना कळकळीने सांगितलं की कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवर लावले जाणारे सट्टे बंद करा, कारण हरलेले लोक त्या मुलांना छळतात. त्या छळणाऱ्यांत तुझं नाव असावं असं मला वाटत नाही. ते ॲप काढून टाक.

तूच मला सांगितलं होतंस, कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचा फुटबॉलचा सामना असला की पेठांमध्ये घराघरांत ताण असतो. गोल हुकवणाऱ्याला तिथेही बोलणी बसतात, तिथेही हाणामाऱ्या होतात, मला काही तिथलं सगळं गोड आहे असं म्हणायचं नाही. पण तो खेळाडू दुसऱ्या दिवशी तालमीपाशी, चहाच्या गाड्यावर, समोर भेटतो. त्यामुळे बोलणाऱ्यालाही थोडी लाज राहते. इथे तुला त्या मुलाचा चेहरा बघावा लागला नाही. समोर उभा असता तर तू तसं बोलला नसतास, एवढं मी तुला ओळखते.

तेव्हा आधी त्याची माफी माग. दोन ओळी पुरेत, ‘पण’ न घालता. तो वाचेल की नाही, उत्तर देईल की नाही, ते सोडून दे.

आणि मग तो राग घेऊन काहीतरी कर. हे सरकारी विद्यापीठ आहे. कोचचा करार, पगार, काढलं तर किती द्यावे लागतील, हे सगळं कुणालाही मागून वाचता येतं. विद्यापीठाचे आठ रीजंट, म्हणजे त्याचा कारभार बघणारे, लोकांनी मतदान करून निवडलेले असतात. मी मत देते, तुला व्हिसावर देता येत नाही. पण चार विद्यार्थी रीजंटही असतात, त्यांचं मत मोजलं जात नाही तरी ते बैठकीत बसतात आणि बोलतात, आणि त्यातला एक तुमच्या लिंकनचा असतो. त्याला गाठ. २०२५ च्या ऑक्टोबरात, नियमित हंगामाचे चार सामने बाकी असताना, पेन स्टेटच्या कोचची जागा रिकामी झाल्यावर आपले कोच मॅट रूल यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला. रूल यांनी २०२४ मध्ये सात वर्षांचा दुष्काळ संपवला, पिनस्ट्राइप बोल जिंकून दिला, हे मी विसरत नाही. पण करार तेव्हाच का वाढवला, कशाच्या जोरावर, आणि पुढे नाइलाजाने काढायची वेळ आली तर दीड कोटीसारखा किती खड्डा पडेल, हा प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. हरलेल्या रात्री या मुलांशी बोलायला किती समुपदेशक आहेत, हाही प्रश्न विचार.

पुढच्या हंगामात सामना बघताना चेंडूच्या मागे डोळे पळवू नकोस. पंटच्या वेळी अडवायला जाणारी मुलं कुठल्या बाजूला धावतात ते बघ. थर्ड डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, किती यार्ड उरलेत ते वहीत लिही. दर वेळी आठ-नऊ उरत असतील तर दोष थर्ड डाउनच्या पासचा नाही, आधीच्या दोन डाउनचा आहे. चार सामन्यांनंतर ती वही मला दाखव. तेव्हा तू जे बोलशील ते मी मान खाली घालून ऐकेन, कारण त्यात वजन असेल.

या स्टेडियममध्ये एक जुनी रीत आहे, तुलाही माहीत आहे. पाहुणा संघ मैदान सोडून जाताना आपले लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, त्याने आपल्याला हरवलेलं असलं तरी. २०२१ मध्ये, जेव्हा तिकिटं खपेनात, तेव्हा देणगीदारांनी ती विकत घेऊन ज्यांना परवडत नाही अशा घरच्या मुलांना सामने दाखवले. लोक तेव्हाही आपल्यासारखेच चिडलेले होते.

रीजंट्सची पुढची बैठक लिंकनमध्ये व्हार्नर हॉलला केव्हा आहे ते बघून कळव. मी ओमाहाहून गाडी घेऊन येते. प्रश्न आधी कागदावर लिहून ठेव, आकड्यांसकट, आणि आदल्या रात्री मला पाठव म्हणजे एकदा दोघं मिळून तपासू. दुपारचा डबा मी आणेन.

तुझी,
काकू